नाबोथाची मुले

अभ्यासपाठ
वाचन : १ राजे २१:१-२०, २ राजे ९:२१-२६



या तिमाहीच्या पाठासाठी वर दिलेले दोन्ही भाग आधी घरी मोठ्याने वाचावेत अशी विनंती आहे. पहिला भाग सर्वांच्या ओळखीचा आहे. दुसरा आपण सहसा घाईने ओलांडतो, आणि या पाठाचा गाभा त्या दुसऱ्या भागातील एका शब्दात आहे.

इज्रेल येथे राजवाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता. अहाब राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. तो पैसे द्यायला तयार होता, बदल्यात याहून चांगला मळा द्यायलाही तयार होता. नाबोथाने नकार दिला, कारण ते वाडवडिलांचे वतन होते. राजा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडला आणि जेवेना. पुढचे सारे ईजबेलीने केले, आणि तिने ते कागदावर केले. राजाच्या नावाने पत्रे लिहिली, राजाची मोहोर लावली आणि ती नगरातील वडीलजनांना धाडली. उपासाचा दिवस ठरला, नाबोथाला लोकांपुढे बसवले, दोन साक्षीदार उभे राहिले. देवाची आणि राजाची निंदा केल्याचा आरोप शाबीत झाला. शिक्षा झाली. सगळे अगदी रीतसर. इज्रेलचे दप्तर आज सापडले असते तर त्यात नाबोथ नावाचा एक गुन्हेगार आणि सरकारजमा झालेला एक मळा, एवढेच वाचायला मिळाले असते.

आता दुसरा भाग. बरीच वर्षे लोटली आहेत. अहाब मेला आहे, त्याचा मुलगा योराम राज्य करतो आहे. येहू त्याला ठार करतो, तेही नेमके नाबोथाच्या शेतात, आणि बिदकार नावाच्या आपल्या सरदाराला एक जुनी आठवण करून देतो. आपण दोघे अहाबाच्या मागून रथात चाललो होतो तेव्हा परमेश्वर काय बोलला होता ते आठव, असे तो म्हणतो. त्या आठवणीत नाबोथाच्या रक्ताबरोबर त्याच्या मुलांच्या रक्ताचाही उल्लेख येतो.

मुले? एकविसाव्या अध्यायात मुलांविषयी चकार शब्द नाही. पत्रात नाही, आरोपात नाही, शिक्षेत नाही. पण मुले जिवंत असती तर वतन त्यांच्याकडे गेले असते, म्हणजे त्यांना मारल्याशिवाय मळा राजाच्या हाती लागणारच नव्हता. ही गोष्ट राहिली ती दोन शिपाईगड्यांच्या स्मरणात. शास्त्रलेखकाने ती तिथून उचलून ग्रंथात ठेवली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली.

हे सर्व आमच्या मनात का आले ते सांगतो. शेलारहून वाड्याच्या रस्त्याने गेले आणि आत वळले की गोदामे संपतात, वीटभट्ट्या लागतात आणि मग कातकरी समाजाच्या वाड्या दिसू लागतात. अशा एका वाडीतील काही मुले आमच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गाला येतात. सहावीतल्या एका मुलाला शाळेतून ‘माझ्या गावाचा इतिहास’ लिहून आणायला सांगितले होते. त्याने छान लिहिले. गावदेवी, तळे, यंत्रमाग कधी आले, नदीला पूर आला तो दिवस. त्याची स्वतःची वाडी मात्र त्यात कुठेच नव्हती. विचारले तर सहज म्हणाला, “आमचा इतिहास नाय. आम्ही भट्टीवर आलेली माणसं.”

त्याला हे कोणी शिकवले नव्हते. तो जन्माला आला तेव्हापासून दिवाळीनंतर घर बंद करून भट्टीवर जायचे आणि पावसाआधी परतायचे, हेच त्याने पाहिले. गावच्या बोलण्यात वाडीवरचे लोक म्हणजे मजुरीला आलेले लोक. सातबारा पाहिला तर वाडीच्या जमिनीवर दुसऱ्याचेच नाव. मुलाने या सगळ्याचा मेळ घातला आणि आपण उपरे आहोत असा निष्कर्ष काढला.

वास्तविक या जमातीचे नावच तिचा इतिहास सांगते. खैराच्या झाडाचा लाल गाभा बारीक तोडून, उकळून, आटवून कात काढणारे ते कातकरी. उत्तर कोकणातील जंगल हेच त्यांचे घर आणि तोच त्यांचा कारखाना. १८७८ चा वनकायदा आला, जंगले राखीव होत गेली आणि खैर तोडणे हा गुन्हा ठरला. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला धंदा बसला. मग मुंबईच्या चुलींसाठी कोळसा पाडणे, नंतर शेतावर मजुरी, आणि आता वीटभट्टी. त्याच काळात, १८७१ पासून, इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला होता आणि तो पुढे वाढवत नेला. कातकऱ्यांवरही तो शिक्का बसला. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण गावात चोरी झाली की आधी वाडीवर जाण्याची सवय काही रद्द झाली नाही. नाबोथावर आरोप आधी ठरला होता आणि साक्षीदार नंतर शोधले, ते इथे वाचकांनी आठवावे.

याच ‘गुन्हेगार’ जमातीतील एक नाव रायगड जिल्ह्यात उरणजवळच्या चिरनेर येथे हुतात्म्यांमध्ये घेतले जाते. २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या डोंगराकडे लोक जंगल सत्याग्रहासाठी निघाले. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जे पडले त्यांत नाग्या महादू कातकरी होते. दरवर्षी त्या तारखेला चिरनेरला मानवंदना होते. आमच्या वर्गातील एकाही मुलाला हे ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर शिकवणाऱ्यांपैकी दोघांनाही नव्हते.

आणखी जवळचे पाहू. राघोजी भांगरे हे अकोले तालुक्यातले महादेव कोळी. सावकार आणि इंग्रज सरकार दोघांविरुद्ध ते उठले आणि २ मे १८४८ रोजी त्यांना फाशी दिले ते ठाण्याच्या तुरुंगात. तो तुरुंग आजही तिथेच आहे. आपल्यापैकी कितीतरी जण कोर्टाच्या किंवा दवाखान्याच्या कामासाठी त्याच्या भिंतीजवळून गेले असतील. शाळेच्या पुस्तकांत आदिवासींच्या उठावांचा उल्लेख येतो, नाही असे नाही. पण कोळी, भिल्ल, संथाळ अशी नावे एका परिच्छेदात ओळीने येतात आणि परीक्षेत ‘जोड्या लावा’ मध्ये जातात. ती माणसे आपल्या शेजारच्या वाडीची होती हे मुलाला कळत नाही.

यापुढचा प्रसंग मंडळीत बोलताना काहींना अवघड वाटतो, म्हणून तो मुद्दाम घेतो. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आताच्या पालघरच्या डहाणू, तलासरी भागात वारली लोक जमीनदारांची वेठ करीत. लग्नासाठी कर्ज काढले की नवरा-बायको दोघेही सावकाराकडे राबायचे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. सिमिंग्टन नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने १९३०च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या चौकशीत ही गुलामी सरकारच्याच कागदावर नोंदवली. कागद झाला, वेठ चालूच राहिली. जानेवारी १९४५ मध्ये आपल्या शेजारच्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे वारली आले आणि त्यांनी आपले हाल सांगितले. मे महिन्यात तलासरीजवळ झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही, अशी शपथ त्यांनी घेतली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्यांचे सोबती मरण पावले. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ही हकीगत लिहिली. पुस्तक १९७० साली निघाले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

लाल बावटा म्हटले की आपल्यातील काहींच्या कपाळाला आठी पडते, हे आम्ही जाणतो. पण मिसर देशातून सुटून आलेल्या लोकांचे शास्त्र आपण वाचतो. वेठीला ‘नाही’ म्हणणाऱ्या वारल्यांचा दिवस कोणत्या झेंड्याखाली पाळला जातो, यावरून आपण तो विसरावा काय? शिवाय ही गोष्ट संपलेली नाही. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा. त्यानंतरही वसई-भिवंडी भागात वेठबिगार सोडवण्यासाठी १९८० च्या दशकात श्रमजीवी संघटनेला लढावे लागले. आजही भट्टीची उचल बहुतेक वेळा लग्नासाठी किंवा आजारपणासाठी घेतली जाते आणि फिटता फिटत नाही.

आता आपल्याकडे वळू. वारली आणि कातोडी लोकांविषयी छापलेला एक जुना वृत्तांत मिशनरीच्या हातचा आहे. ज्यांच्या नावाने मुंबईत कॉलेज आहे त्या डॉ. जॉन विल्सन यांनी तो लिहिला आणि लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८४३ साली तो छापून आला. त्यांनी त्या लोकांना भेटून प्रश्न विचारले, रीतिरिवाज लिहून ठेवले. हे श्रेय त्यांना दिले पाहिजे. पण त्या काळच्या मिशनरी लेखनाची नजर वरून खाली पाहणारी होती आणि ती नजर आपण वारशाने घेतली. आपल्याच पत्रिकेचे जुने अंक काढून पाहावेत. साक्षींची ठरलेली चाल आहे : आधी अंधार, दारू, भुतेखेते, मग सुवार्ता, मग उजेड. त्या माणसाचे आजोबा कोण होते, जंगल कसे गेले, भगत कोणत्या औषधी झाडांची ओळख ठेवत होता, लग्नात धवलेरी कोणती गाणी म्हणत होती, याला त्या साक्षीत जागाच नसते. देणगीदारांना असेच आवडते असे आम्ही मानत आलो. आवडते का, हे कधी विचारले नाही.

कॅनडामध्ये हीच वृत्ती फार पुढे गेली. तिथे सरकारने चर्चच्या हातून चालवलेल्या वसतिगृह-शाळांत आदिवासी मुलांना घरापासून तोडले, मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा केली. युनायटेड चर्च ऑफ कॅनडाने १९८६ मध्ये आदिवासींची क्षमा मागितली, पुढे इतर मंडळ्यांनीही मागितली. आपली वसतिगृहे तशी नाहीत आणि कोणी तशी समजूत करून घेऊ नये. तरी वारली किंवा कातकरी बोलीत बोलणाऱ्या मुलाला “नीट मराठीत बोल” असे आपण किती वेळा दरडावतो ते ज्याचे त्याने मोजावे.

मिशनच्या शाळेत शिकलेली दोन माणसे या संदर्भात आठवतात. बिरसा मुंडा चाईबासाच्या जर्मन मिशनच्या शाळेत शिकले आणि पुढे मिशनपासून दूर झाले. त्यांचा जन्मदिवस, १५ नोव्हेंबर, २०२१ पासून सरकार ‘जनजातीय गौरव दिवस’ म्हणून पाळते. दुसरे जयपाल सिंग मुंडा, १९२८ च्या ऑलिंपिकमधील आपल्या हॉकी संघाचे कर्णधार. ते ख्रिस्ती होते. डिसेंबर १९४६ मध्ये घटना समितीत उभे राहून त्यांनी आपल्या लोकांच्या शोषणाचा इतिहास स्पष्ट मांडला आणि ‘आदिवासी’ या शब्दाचा आग्रह धरला. एक मंडळीबाहेर गेले, एक आत राहिले. जमिनीविषयी दोघांचे म्हणणे सारखेच होते.

‘आदिवासी’ म्हणजे मूळचा रहिवासी. ‘वनवासी’ म्हणजे वनात राहणारा. दोन्ही शब्द आज आपल्या भागात फलकांवर दिसतात, आणि त्यांत फरक मोठा आहे. वनात कोणीही राहू शकतो. आधीपासून कोण होते, हा प्रश्न दुसऱ्या शब्दात उरत नाही. ५ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका खटल्यात निकाल दिला. नगर जिल्ह्यातील एका भिल्ल स्त्रीला मारहाण करून तिची विवस्त्र धिंड काढली होती. निकालपत्रात न्यायालयाने आदिवासी हे या भूमीच्या मूळ रहिवाशांचे वंशज असल्याचे म्हटले आणि एकलव्याच्या अंगठ्याचा उल्लेख करून द्रोणाचार्यांचे वागणे लज्जास्पद ठरवले. एरवी ती गोष्ट आपल्या मुलांना गुरुभक्तीची म्हणून शिकवली जाते.

ज्या वादाचा आपल्याशी थेट संबंध आहे तो आता येतो. धर्मांतर केलेल्या आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून काढावे, अशी मागणी काही वर्षे जोर धरत आहे. त्यासाठी मोर्चे निघतात, सभा होतात. आजचा कायदा असा : अनुसूचित जातींच्या यादीला धर्माची अट आहे, जमातींच्या यादीला नाही. २००४ मध्ये केरळमधील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की धर्म बदलला एवढ्यावरून कोणी जमातीबाहेर जात नाही. मात्र त्या माणसाचे जमातीच्या रूढी-परंपरांशी नाते टिकले आहे का, हे वस्तुस्थितीवरून तपासावे लागते.

हे वाक्य मंडळीने दोनदा वाचावे. एखाद्या वारली कुटुंबाने प्रभूला स्वीकारले आणि आपण त्यांना सांगितले की तारपा नको, लग्नाचा चौक नको, कुळाची गाणी नकोत, जुन्या नातलगांच्या कार्याला जाणे नको. वीस वर्षांनी कोणी त्यांना विचारले की तुम्ही वारली कशावरून, तर त्यांच्याजवळ दाखवायला काय राहील? काही गोष्टी विश्वासाशी जुळणार नाहीत, ते खरेच आहे, आणि ते ठरवण्याचा विवेक त्या त्या कुटुंबाला व पाळकांना प्रभू देईल. पण तांदळाच्या पिठाने भिंतीवर झाड काढणे आणि मूर्तीला नमन करणे यांतला फरक न पाहता सरसकट ‘जुने टाकून द्या’ म्हणणे ही चूक आहे. ही चूक आपल्या हातून झाली आहे, आणि तिची किंमत आपण देणार नसून ते देणार आहेत. माझ्या या मतावर मंडळीत मतभेद आहेत. ते उघड बोलले जावेत.

त्या मुलाकडे परत येतो. त्याच्या लिहिण्याविषयी आम्ही त्याच्या आजीला सांगितले. आजी आधी हसली, मग गप्प झाली, मग बोलू लागली. जुनी वाडी इथे नव्हती, डोंगराच्या अंगाला होती. तिथे झरा आहे, त्याला दगड लावून पाणी धरलेले आहे. त्याच्या वरच्या बाजूला पुरण्याची जागा. तिची सासू तिथे आहे, सासूची सासूही तिथेच. आजेसासरे कात उकळायचे त्या चुलीचे दगड तिने लग्न होऊन आल्यावर पाहिले होते. तिथून उठावे लागले. सासऱ्याने तिच्या लग्नासाठी घेतलेल्या पैशापायी दोघांनी तीन पावसाळे दुसऱ्याच्या शेतावर काढले, हेही तिने सांगितले. नातू तोंडाकडे बघत बसला होता. भट्टीवर आलेली माणसे ती नव्हतीच. भट्टीच नंतर आली.

यात आठवणीपलीकडेही काही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली जे नियम २००८ मध्ये झाले, त्यांतील तेराव्या नियमात दाव्यासाठी कोणता पुरावा चालेल ते दिले आहे. कागदपत्रे आहेतच, शिवाय जुन्या विहिरी, दफनाच्या जागा, पवित्र स्थळे चालतात, आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्या माणसांचे लेखी घेतलेले कथनही चालते. म्हणजे आजीचे बोलणे हा कायद्याने मान्य केलेला पुरावा आहे. फक्त ते कोणीतरी लिहून घेतले पाहिजे, आणि आजी आहे तोवर घेतले पाहिजे. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक आहे. अशा जमातींच्या वस्तीच्या व परिसराच्या हक्कांसाठी त्याच कायद्यात वेगळी तरतूद आहे.

म्हणून या तिमाहीत अभ्यासगटांनी प्रश्नोत्तरांऐवजी एक काम करावे असे सुचवतो. ज्यांचे एखाद्या वाडीशी येणे-जाणे आहे त्यांनी तिथल्या एका वडीलधाऱ्या माणसाकडे बसावे. साक्ष मागू नये, प्रार्थनेचा विषयही आपणहून काढू नये. वाडी आधी कुठे होती, पाणी कुठले होते, माणसे कुठे पुरली, कोणाकडे वेठ केली, एवढेच विचारावे आणि त्यांच्याच शब्दांत लिहावे. बोली ‘सुधारू’ नये. परवानगीशिवाय फोटो काढू नये, आणि लिहिलेले या पत्रिकेकडे पाठवू नये.

आजीचे बोलणे वहीची नऊ पाने झाले. नातवाने ते तिला वाचून दाखवले. दोन ठिकाणी तिने दुरुस्ती सांगितली, एका झाडाचे नाव आम्ही चुकवले होते. मग तिने विचारले, हा कागद कोणाकडे राहणार? एक प्रत वाडीच्या वनहक्क समितीकडे दिली आहे. मूळ वही आजीच्या पत्र्याच्या पेटीत आहे, रेशनकार्डाखाली. आमच्याकडे प्रत ठेवलेली नाही.